खेड्यात राहून परदेशस्थांच्या विवाहांवर माध्यम-संशोधन करता येईल का?

आपला प्रश्न असा आहे की, पत्रकारितेत एम.ए. केल्यावर यवतमाळसारख्या जिल्ह्यात राहून माध्यमे, स्थलांतर आणि विवाह या विषयावर संशोधनाची कारकीर्द उभी करता येईल का, की त्यासाठी पुणे-मुंबई किंवा परदेशच गाठावे लागेल. मी याच जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी महाविद्यालयात पत्रकारिता शिकवते आणि हाच माझा विषय आहे. माझे उत्तर आहे की करता येते, कारण या विषयाचे निम्मे क्षेत्र आपल्या गावांतच आहे. मुलगा न्यू जर्सीत असला तरी त्याचे स्थळ दारव्ह्याच्या मामांमार्फत येते, साक्षगंध पुसदच्या मंगल कार्यालयात होते, आणि पुढे काही बिनसले तर मुलगी परत येते तीही इथल्याच घरी.

प्राध्यापक होण्यापूर्वी मी एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते आणि समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे येत असे. ‘शेती ११ एकर, पैकी ४ ओलीत’ अशा नोंदींच्या शेजारी हळूहळू एच-वन (अमेरिकेतील नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्ड (तिथल्या कायम वास्तव्याचा परवाना) हे शब्द येऊ लागले. परंतु परदेशातील मुलांच्या माहितीतूनही शेतीचा आकडा गेला नाही. ज्या शेतात तो मुलगा बहुधा कधीच राबणार नाही, ते शेत त्याच्या घराण्याची साक्ष म्हणून छापले जाते, हे लक्षात आले तेव्हा मला माझा विषय सापडला.

या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी १९१८ ते १९२० या काळात पोलिश शेतकऱ्यांच्या स्थलांतराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा मोठा आधार अमेरिकेत गेलेले लोक आणि गावाकडची कुटुंबे यांच्यातील पत्रे हा होता. जपान आणि अमेरिका यांच्यातील १९०७-०८ च्या समझोत्याने नव्या जपानी मजुरांचा मार्ग जवळजवळ बंद केला, मात्र अमेरिकेत आधीच असलेल्यांच्या पत्नींना येण्याची मुभा ठेवली. त्यामुळे छायाचित्रांची देवाणघेवाण करून लग्ने ठरू लागली, वराच्या अनुपस्थितीत जपानमध्ये नोंदली जाऊ लागली, आणि १९२० मध्ये जपानने अशा वधूंना पासपोर्ट देणे थांबवेपर्यंत हे चालले. स्थलांतराचा कायदा, छायाचित्रासारखे माध्यम आणि विवाह हे तिन्ही एकमेकांना कसे घडवतात, हे विद्यार्थ्यांना समजावताना मी नेहमी इथूनच सुरुवात करते. मराठी उदाहरण हवे असेल तर कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाकडे पाहावे. तेथील धर्मपीठाने १९६१-६२ मध्ये इतर ज्यूंशी त्यांचे विवाह लावण्यापूर्वी वंशावळीची चौकशी सक्तीची केली आणि १९६४ मध्ये मोठ्या आंदोलनानंतर त्या निर्देशांतून या समाजाचे नाव वगळावे लागले. याच समाजाने पुढे इस्राएलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. परदेशस्थ मराठी माणूस म्हटले की आपल्याला केवळ अभियंते आठवतात, ही आपल्या संशोधनाची मोठी उणीव आहे असे मला वाटते.

आज पत्रांची जागा व्हिडिओ कॉलने घेतली आहे. अनेक माध्यमे हाताशी असताना माणूस कोणते निवडतो, यालाच नात्यात अर्थ येतो, असे मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर या अभ्यासकांनी फिलिपिनो स्थलांतरित माता आणि त्यांच्या मुलांच्या अभ्यासातून मांडले. आमच्याकडच्या एका आईने तेच मला एका वाक्यात सांगितले होते : “ताई, पोरगी रोज मोबाईलात दिसते, पण त्या घरात तिचं कसं चाललं हाय, ते काही दिसत नाही.” कायदा या घरांपर्यंत कसा पोहोचतो, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने मे २०१५ पासून एच-फोर व्हिसावरील (एच-वनवर गेलेल्यांच्या जोडीदारांना मिळणारा व्हिसा) काही पत्नींना नोकरीची परवानगी दिली. ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत पती कोणत्या टप्प्यावर आहे यावर ती अवलंबून असते, आणि हा प्रश्न आता सोयरिकीच्या बैठकीत मुलीचे वडीलच विचारतात.

पदवीच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगते. जनसंवाद व पत्रकारिता या विषयात नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी; पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षे लागतात. मार्गदर्शक पत्रकारितेचे असले तरी समाजशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाकडे मुलाखतीची पद्धत अवश्य शिकावी.

ती मी उशिरा शिकले, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. सुरुवातीच्या एका लेखात मी परदेशातून परत आलेल्या एका स्त्रीचे नाव बदलले होते, पण तिच्या वडिलांचा व्यवसाय आणि तालुका तसाच ठेवला. आठवडी बाजाराच्या दिवशी तो लेख गावात हातोहात फिरला आणि तिला ओळखायला कोणालाही वेळ लागला नाही. मी क्षमा मागायला गेले तेव्हा तिने पाणी दिले, पण ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून व्यवसाय, गाव, भावंडांची संख्या, सारे बदलल्याशिवाय मी एक ओळही छापत नाही आणि मजकूर आधी त्या व्यक्तीला वाचून दाखवते.

आपण लगेच काही सुरू करणार असाल, तर समाजाच्या कार्यालयात जाऊन जुन्या परिचय पुस्तिका मागून घ्या. नवा मेळावा झाला की मागच्या वर्षीचे गठ्ठे बहुतेक ठिकाणी रद्दीत जातात. माझ्याकडचा सर्वांत जुना संच मला एका किराणा दुकानात, पुड्या बांधायला ठेवलेल्या कागदांत मिळाला होता.