पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीचे शेंडे मुरडलेत, थ्रिप्सचं औषध मारूनही फरक नाही. कीड नक्की कुठली?

तुम्ही लिहिलंय की दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये मिरचीचे शेंडे मुरडून बारीक झालेत, दुकानदाराने थ्रिप्स सांगून फिप्रोनिल हे कीटकनाशक दिलं, दोन फवारण्या झाल्या आणि मुरड वाढतेच आहे. मीही पॉलिहाऊसमध्ये ढोबळीच घेतो. तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय फुलकिड्यांचा (म्हणजे थ्रिप्सचा) नाही, पिवळ्या कोळ्याचा (इंग्रजीत माइट) येतो. तिसरी फवारणी थांबवा आणि आधी दोन-चार शेंडे खुडून उजेडात आणा.

पान कुठे वळलंय ते बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी दिसत असेल, पान अरुंद आणि कडक झालं असेल, देठ नेहमीपेक्षा लांबला असेल तर पिवळा कोळी. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. दोन्ही किडी एकाच झाडावर नांदतात आणि मग काही पानं वर, काही खाली वळलेली सापडतात.

म्हणून भिंग हवंच. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग चालेल. पिवळा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि दुकानदार फसतो तो इथेच. अगदी कोवळं, नुकतं उलगडणारं पान घ्या आणि त्याची खालची बाजू बघा. मुरडून जून झालेल्या पानावर शोधू नका, तिथून तो केव्हाच वरच्या कोवळ्या फुटीवर गेलेला असतो. फिकट पिवळसर, चकचकीत, भराभर चालणारे ठिपके दिसतील. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे अंडी: लांबट, पारदर्शक, आणि त्यांवर पांढऱ्या बारीक टिपक्यांच्या ओळी. एकदा बघितलीत की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. फळाची साल तपकिरी, खरबरीत झाली असेल तर ती पुष्टीच समजा.

फुलकिडे तपासायला एक पांढरा कागद पुरे. त्यावर फूल किंवा शेंडा झटका. एक-दोन मिलिमीटरचे, सुतासारखे बारीक, पिवळे ते तपकिरी किडे पळताना दिसतील. पानावर चंदेरी चट्टे आणि त्यांत काळे ठिपके (ती विष्ठा) असतात. यांची कोषावस्था बहुधा मातीत जाते, त्यामुळे पानावर कितीही नेमकी फवारणी केली तरी काही दिवसांनी पुढची फळी वर येते.

आता तुमचं औषध का चाललं नाही? कोळी हा कीटकच नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळिष्टकं विणणाऱ्या कोळ्याच्या गोतावळ्यातला. त्याच्यासाठी कोळीनाशकच लागतं: स्पायरोमेसिफेन, फेनाझाक्विन किंवा पाण्यात मिसळणारं गंधक. प्रमाण आणि काढणीपूर्वीचे दिवस लेबलवर असतील तेच पाळा, आणि गंधक कडक उन्हात मारू नका, पानं करपतात. औषध शेंड्यात आणि पानाच्या खालून पोचलं पाहिजे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातलं काही आत्ता मारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याने कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुपटीने उसळतो. उबदार, दमट हवेत त्याची एक पिढी आठवड्याच्या आत पुरी होते.

बाकीच्या किडी ओळखायला सोप्या. लाल कोळी जून पानांच्या खाली असतो: वरून पांढरट-पिवळे बारीक ठिपके, नंतर जाळी. शेंडा तो असा मुरडत नाही. मावा असेल तर पान चिकट लागतं, मुंग्या येतात. त्याच्या पांढऱ्या कातींना अनेक जण पांढरी माशी समजतात. झाड हलवल्यावर भुरकन उडते ती खरी पांढरी माशी. पानात वेडीवाकडी पांढरी रेघ दिसली की नागअळी.

पांढऱ्या माशीकडे तुमच्या बाबतीत जरा जास्तच लक्ष द्या. ती विषाणू पसरवते हे तुम्हाला माहीत असेलच, पण पिवळा कोळी तिच्या पायांना चिकटून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, ही गोष्ट कमी जणांना माहीत आहे. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा, फुलकिड्यांसाठी निळे, आणि झाड वाढेल तसे वर सरकवत राहा. कीडरोधक जाळीवर सगळा भरवसा टाकू नका, ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रं) जाळीतून फुलकिडे आरामात आत येतात.

भिंगाखाली काहीच दिसलं नाही तर शेजारच्या शेतात २,४-डी तणनाशक मारलं होतं का ते विचारा. त्याचा वारा लागला तरी शेंडे हुबेहूब असेच अरुंद होतात, आणि तिथे कोळीनाशकाचा काही उपयोग नाही. सगळ्या वाफ्यांवर एकसारखी मुरड, एकाच वेळी आलेली असेल तर हा संशय आधी घ्या. कोळी मात्र ठिकठिकाणी पुंजक्यांनी सुरू होतो. अशा पुंजक्यांना काठी बांधून खूण करा आणि मजुरांना तिथलं काम दिवसात सगळ्यात शेवटी द्या, कारण तो कपड्यांवरून आणि हातांवरूनही पुढच्या ओळीत जातो.