वस्तीत सहल नेली, आणि वर्गातली एक मुलगी शाळेत येईना

प्रश्न: मी पुण्यातल्या एका खासगी शाळेत सातवीला शिकवते. आपल्याला किती गोष्टी आयत्या मिळतात हे मुलांना कळावं म्हणून ४२ जणांना कचरावेचकांच्या वस्तीत नेलं. मुलांनी बिस्किटं वाटली, फोटो काढले. परतताना सगळे म्हणत होते, ‘आपण किती लकी!’ शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून आलेली आमच्या वर्गातली एक मुलगी तिथेच राहते, हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं. चार दिवस ती शाळेत आलेली नाही. काय करू?

उत्तर: बाई, आधी त्या मुलीचं बघा, बाकी सगळं नंतर. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे फोटो आजच काढायला लावा. मग आईची फेरी संपल्यावर, दुपारनंतर, एकट्याच घरी जा. ‘तुम्हाला न विचारता मुलांना तुमच्या दारात आणलं, माझं चुकलं,’ एवढंच म्हणा. कारणं सांगत बसू नका. आणि ती परत आली की वर्गासमोर तिची माफी मागू नका, पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच जातील.

आता मुलांकडे वळू. ‘आपण किती लकी’ हे ऐकू आलं की धडा फसला असं समजावं. नशिबाचं नाव घेतलं की पुढचे प्रश्नच मिटतात. मुलांनी गरिबी पाहिली, पण कचरा नेणाऱ्या त्या ताईंचं आणि आपल्या घराचं नातं पाहिलं नाही. बिस्किटाचा पुडा पुढे केला की कोण देणारं आणि कोण घेणारं ते ठरूनच जातं. रोजचा व्यवहार तर उलटा आहे. त्या श्रम देतात, आपण ते घेतो.

म्हणून सुरुवात वस्तीत नको, स्वतःच्या घरातल्या बादलीपासून करा. सात दिवस प्रत्येकाने घरचा ओला आणि सुका कचरा वेगवेगळा वजन करून वहीत मांडायचा. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकवायचा काटा पुरतो. आठवड्यानंतर गणिताचा तास घ्या. एका घरातून दिवसाला दीड किलो निघाला आणि एक ताई १५० घरं करत असतील, तर किती? २२५ किलो. तो जिन्यावरून उतरवायचा, ढकलगाडीवर चढवायचा, आणि मग हाताने निवडायचा. ओल्यात दुधाची पिशवी आली की ती हात घालून काढावी लागते. सॅनिटरी पॅड तसंच टाकलं तर तेही तिच्याच हाताला लागतं. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हे मुलग्यांनाही शिकवा. इथे लाजून चालणार नाही.

यानंतरच भेट, आणि तीही राहत्या घरांत नको, कचरा निवडायच्या शेडवर. एका वेळी ८ मुलं, फोन शाळेतच. तारीख ताईंच्या सोयीने ठरवा आणि त्यांच्या बुडालेल्या वेळाचे पैसे आधीच ठरवून द्या, कारण निवडण्यावर त्यांची कमाई असते. तिथे ताई शिकवणार, मुलं शिकणार: पुठ्ठा वेगळा का, कुठलं प्लास्टिक विकलं जातं, कुठलं नाही, काचेने हात कापला तर काय करतात. ‘तुम्हाला वाईट वाटतं का?’ असले प्रश्न आधीच वगळून घ्या.

संघटनेची गोष्टही सांगाच. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते. त्या बायकांनी एकजुटीने स्वतःच्या कामाला मान मिळवला, हे कळलं की मुलांच्या तोंडचं ‘बिचाऱ्या’ गळून पडतं.

एक धोका लक्षात ठेवा. ‘ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एक पाऊल पुढे या’ हा खेळ तुमच्या वर्गात अजिबात घेऊ नका. शेवटी मागे एकटं कोण उरेल हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याऐवजी शेडच्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी प्रत्येकाकडून एका पानावर लिहून घ्या: ‘माझ्या दिवसातलं कुठलं काम माझ्याऐवजी दुसरं कुणी करतं, आणि त्या माणसाचं नाव मला माहीत आहे का?’ ही पानं वर्गात वाचायची नाहीत, फक्त तुम्ही वाचायची.

मुलीच्या आईने शेडवर शिकवायला यावं असं तुम्हाला वाटेल. चूक कबूल करायला घरी जाल तेव्हा ते विचारू नका. मुलगी नियमित येऊ लागल्यावर विचारा, आधी मुलीला, मग आईला. दोघींपैकी कुणीही नको म्हटलं, तर विषय तिथेच सोडा.