वाचकांचे प्रश्न : नेवाडाचं वाळवंट, बॅटरीचा कारखाना आणि आपला माळ

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव जत तालुक्यात. आमच्या सरांनी सांगितलं की अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात टेस्लाने बॅटरीचा प्रचंड कारखाना बांधला, कारण तिथे ऊन भरपूर आणि जमीन ओसाड, आणि तो सगळा कारखाना सौरऊर्जेवर चालतो. ऊन आणि ओसाड जमीन आमच्याकडेही आहे. मग असा कारखाना आमच्याकडे का येत नाही? तुम्ही तिकडेच असता, म्हणून विचारतो.
— एक विद्यार्थी, जि. सांगली

उत्तर : मी मूळची मंगळवेढ्याची, म्हणजे तुमच्या शेजारचीच. चौदा वर्षं झाली, नेवाडातल्या रेनो शहराला लागून असलेल्या स्पार्क्स गावात राहते. काम सिव्हिलचं. कारखान्यासाठी जमीन सपाट करायची, भराव कुठे टाकायचा, पावसाचं पाणी कुठून काढून द्यायचं, हे ठरवायचं. टेस्लाच्या इमारतीवर मी काम केलेलं नाही. पण त्याच औद्योगिक वसाहतीत दोन प्लॉटची कामं केली, आणि तो कारखाना उभा राहताना जाता-येता पाहिला.

तुमच्या सरांचं निम्मं बरोबर आहे. ऊन भरपूर आहे, खरंच. पण ऊन पाहून जागा ठरली नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने बेत जाहीर केला : २०२० पर्यंत वर्षाला ३५ गिगावॅट-तास क्षमतेचे सेल, पाच लाख गाड्यांपुरते, आणि खर्च पाच अब्ज डॉलरपर्यंत. यादीत नेवाडा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास ही चार राज्यं होती, पुढे कॅलिफोर्नियाही आलं. उन्हात ही सगळी एकाला एक भारी. उन्हाचाच प्रश्न असता तर ॲरिझोनाच जिंकलं असतं.

नेवाडाने जिंकलं ते आधी करून ठेवलेल्या तयारीवर. रेनोच्या पूर्वेला स्टोरी काउंटी आहे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). वस्ती जेमतेम चार हजार. तिथे ‘टाहो-रेनो इंडस्ट्रियल सेंटर’ ही एक लाख सात हजार एकरांची खासगी वसाहत आहे. डोंगर-दऱ्या वगळून बांधण्याजोगी जमीन त्यातली तीसेक हजार एकर. तिथे कुठल्या प्रकारचा कारखाना चालेल, हे आधीच मंजूर करून ठेवलेलं होतं. सपाटीकरणाचा परवाना सात दिवसांत, बांधकामाचा महिनाभरात. युनियन पॅसिफिकची रेल्वे आणि आय-८० महामार्ग शेजारून जातात, आणि त्याच महामार्गाने टेस्लाचा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा गाड्यांचा कारखाना चारशे किलोमीटरच्या आत. बॅटरी ही वजनदार वस्तू, तिची वाहतूक महाग पडते, म्हणून हे अंतर फार मोलाचं. ‘प्रोजेक्ट टायगर’ या टोपणनावाने तिथे माती हलायला लागली तेव्हा राज्याचं नाव जाहीरही झालं नव्हतं. ते झालं ४ सप्टेंबर २०१४ ला, आणि आठवड्याभरात विधिमंडळाचं खास अधिवेशन घेऊन वीस वर्षांत मिळून सुमारे सव्वा अब्ज डॉलरच्या सवलती मंजूर झाल्या. जवळपास हजार एकर जमीन वसाहतीच्या मालकांनी फुकट दिली. त्यांचा यूएसए पार्कवे हा रस्ता सरकारने ४.३ कोटी डॉलरला विकत घेतला आणि पुढे दक्षिणेला दुसऱ्या महामार्गाला नेऊन जोडला.

आता वीज. कंपनीने २०१४ मध्ये दाखवलेल्या चित्रात छपरावर सौरपॅनेल होती आणि मागच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा. पॅनेल २०१८ पासून बसू लागली. टेकड्या मात्र तशाच आहेत. हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा, इंजिनिअर होणार आहात. एक किलोवॅट-तास क्षमतेचा सेल बनवायला ढोबळमानाने पन्नास युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) ऊर्जा लागते असं धरा. ३५ गिगावॅट-तास म्हणजे साडेतीन कोटी किलोवॅट-तास. त्याला पन्नासने गुणलं की वर्षाला १७५ कोटी युनिट. इथल्या उन्हात एक मेगावॅट सौरपॅनेल वर्षाला साधारण साडेसतरा लाख युनिट देतात. म्हणजे हजार मेगावॅट हवेत. जे छप्पर बांधून झालंय ते सुमारे १९ लाख चौरस फुटांचं. ते कडेपासून कडेपर्यंत भरलं तरी तीस-चाळीस मेगावॅटच्या वर जाणं अवघड. हजार मेगावॅटला जमीन किती, ते राजस्थानातल्या भडलावरून कळेल : २,२४५ मेगावॅट, सुमारे चौदा हजार एकर. म्हणजे नुसत्या विजेसाठी सहा हजार एकर, आणि रात्रपाळीचा प्रश्न तरी उरतोच. तोवर वीज ग्रिडवरून येते, आणि नेवाडाच्या ग्रिडवर अजून गॅसच्या विजेचा वाटा मोठा आहे. राज्याने २०३० पर्यंत निम्मी वीज अक्षय स्रोतांतून देण्याचा कायदा २०१९ मध्ये केला. त्यात भूगर्भातल्या उष्णतेची वीजही येते. रेनोच्या दक्षिणेला स्टीमबोटला जमिनीतून वाफ निघते, तिच्यावर केंद्रं चालतात. ती रात्रीही चालतात, म्हणून मला त्यांचं फार अप्रूप.

तरी आखणी करतानाच घेतलेला एक निर्णय मला मनापासून आवडतो. कारखान्यात नैसर्गिक गॅसची लाइन घ्यायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं. तेव्हाचे तंत्रज्ञानप्रमुख जे. बी. स्ट्रॉबेल यांनी हे जाहीरपणे सांगितलं होतं. लाइन नाही म्हटल्यावर उष्णता लागेल तिथे विजेवरची सोय शोधणं भाग पडतं. आणि उष्णता लागते भरपूर. धातूच्या पातळ पत्र्यावर लेप चढवतात, तो लांबलचक भट्टीतून वाळवून काढतात. पुढची जोडणी ‘ड्राय रूम’मध्ये होते. सेलमधल्या लिथियमच्या क्षाराला ओलावा लागला की घातक आम्ल तयार होतं, म्हणून तिथली हवा इतकी कोरडी ठेवतात की तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा जमू लागतो तो, उणे चाळीस अंशांच्या आसपास असतो. इथे मात्र वाळवंट खरोखर उपयोगी पडतं. उन्हाळ्यात दुपारी इथे आर्द्रता वीस टक्क्यांखाली जाते. धुतलेली जीन्स दोरीवर टाकून चहा करून बाहेर यावं तर ती वाळत आलेली असते. ही हवा आणखी कोरडी करणं सोपं. पावसाळ्यातल्या कोकणची हवा तेवढी कोरडी करायला कितीतरी जास्त वीज मोजावी लागेल. जतच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा नक्की मांडा.

मग अडतं कुठे? पाण्याशी. लोकांना वाटतं पाणी कारखाना सुरू झाल्यावर लागतं. ते पहिल्या दिवसापासून लागतं. इथली वरची माती मुठीत घेतली की पिठासारखी बोटांतून गळते. अशा मातीचा भराव दाबायचा तर तिच्यात मोजून ओलावा घालावा लागतो. कमी पडला तर रोलर कितीही फिरवा, ती बसत नाही. त्यात दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो, त्याला इथे ‘वॉशो झेफर’ म्हणतात. धूळ उडाली की काम बंद, म्हणून टँकरने सतत पाणी मारायचं. माझ्या पहिल्या प्लॉटवर ठेकेदाराने पाण्याची सोय न करताच यंत्रं आणली. अकरा दिवस वीसेक माणसं नुसती बसून होती. मंगळवेढ्यात टँकरची वाट बघत मोठी झालेली मी, आणि अमेरिकेत येऊन परत टँकरचीच वाट बघत उभी होते. त्या अकरा दिवसांत जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

इथली ट्रकी नदी टाहो सरोवरातून निघते आणि पिरॅमिड लेकला संपते. ते सरोवर पायुट आदिवासींचं. त्यातला ‘कुई-उई’ मासा जगात दुसरीकडे कुठेही नाही. नदीचा थेंब न् थेंब हक्काने वाटलेला आहे. म्हणून पुढे रेनो-स्पार्क्सचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने या वसाहतीत आणलं, वर्षाला सुमारे चार हजार एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी). पण तेच सांडपाणी एरवी नदीला मिळायचं. ते अडवलं तर सरोवर खाली जाणार. म्हणून त्या करारात पायुट लोकांना बरोबर घ्यावं लागलं. पाण्याचा हिशेब असा शेवटच्या माणसापर्यंत लावायला वर्षं जातात, आणि ती जायलाच हवीत.

दुसरी गोष्ट घरांची. तिची आखणी कोणीच नीट केली नाही, आणि हे मी रागाने लिहिते आहे. कारखाना स्टोरी काउंटीत. कामगार राहणार शेजारच्या वॉशो काउंटीत, रेनो आणि स्पार्क्समध्ये. मालमत्ता कर पहिली दहा वर्षं माफ, आणि त्यानंतरचा स्टोरीला. मुलं मात्र वॉशोच्या शाळांत. शेवटी नोव्हेंबर २०१६ मध्ये वॉशोच्या मतदारांनी स्वतःवरचा विक्रीकर वाढवून घेतला आणि शाळा बांधल्या. आमच्या दोन खोल्यांच्या घराचं भाडं २०१३ मध्ये ८५० डॉलर होतं, पाच वर्षांत १,५०० झालं. शेजारी एक वयस्क बाई राहायच्या, कॅसिनोत पत्ते वाटण्याचं काम करायच्या. त्यांना घर सोडून आठवड्याच्या भाड्यावर मोटेलच्या खोलीत जावं लागलं. त्यांची टोमॅटोची कुंडी अजून माझ्या पायरीवर आहे.

तेव्हा जतला काय हवं? छत्रपती संभाजीनगरजवळची ऑरिक ही औद्योगिक वसाहत एकदा बघून या. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकर. रस्ते, वीज आणि जायकवाडीचं पाणी आधी आखून मग प्लॉट पाडले. एथर कंपनीने २०२४ मध्ये विजेच्या स्कूटर आणि बॅटरी पॅकच्या कारखान्यासाठी तीच जागा निवडली. तुमच्या प्रोजेक्टसाठी विषय सुचवते : तुमच्या तालुक्यातल्या एका माळाचा नकाशा घ्या. जवळचं वीज उपकेंद्र किती अंतरावर, त्याची क्षमता किती, रेल्वे कुठे, पाणी कोणाच्या वाटणीतून येणार, आणि दोन हजार कामगार कुठे राहणार, एवढं लिहून काढा. पूर्ण झालं की मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचेन.

प्रश्न : आमची आटपाडीकडे अकरा एकर माळजमीन आहे. सोलरवाल्यांचे एजंट तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागतात. शेजारी बॅटरीचा कारखाना येणार, मुलाला नोकरी लागेल, असंही म्हणतात. जमीन द्यावी का?
— एक शेतकरी भगिनी, जि. सांगली

उत्तर : ताई, द्या किंवा देऊ नका, हे मी इतक्या लांबून सांगणार नाही. पण नोकरीचं ते तोंडी बोलणं भाड्याच्या हिशेबात धरू नका. नेवाडात एवढ्या बलाढ्य कंपनीकडूनसुद्धा राज्याने लिहून घेतलं : दहा वर्षांत किमान साडेतीन अब्ज डॉलर गुंतवायचे, निम्मे कामगार राज्यातलेच घ्यायचे, ऑडिट करून द्यायचं, नाहीतर सवलत परत. तुम्ही अकरा एकरासाठी तेवढंच कडक राहा. पट्टा नोंदणीकृत हवा. भाडं किती वर्षांनी किती वाढणार, पट्टा दुसऱ्या कंपनीला विकला तर तुमचं काय, आणि तीस वर्षांनी पॅनेल, खांब, काँक्रीट कोण उचलून नेणार, हे त्यात लिहिलेलं हवं. आणि सही करण्याआधी तालुक्याच्या वकिलाला दाखवा, एजंटाने आणलेल्या वकिलाला नव्हे.

एक माझ्या मनातलं. सातबारावर ‘पडीक’ लिहिलं म्हणून माळ रिकामा नसतो. तुमच्या माळावर कोणाची मेंढरं चरतात, कोणत्या महिन्यात येतात, ते आठवून बघा. राजस्थानात जैसलमेरकडे गावांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या ओरणांवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ रानांवर, सौरप्रकल्प आले, तेव्हा गुराखी रस्त्यावर उतरले. तिथले माळढोक पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात, म्हणून त्या तारांचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. आपल्या सोलापूरच्या नान्नजला लहानपणी वडिलांनी मला सायकलवर पुढे बसवून माळढोक दाखवायला नेलं होतं. तासभर उन्हात बसलो, आणि मग गवतातून मान वर करून तो एकदाच आमच्याकडे बघून गेला.

प्रश्न : मावशी, तुमच्या कारखान्यांजवळ खरे जंगली घोडे असतात का?
— इयत्ता सातवी, सोलापूर

उत्तर : असतात गं. व्हर्जिनिया रेंज नावाच्या डोंगरात त्यांचे कळप आहेत, आणि ते वसाहतीच्या रस्त्यांवरही येतात. गाड्यांना धडकून काही मेले, म्हणून पुढे कुंपणं घातली. संख्या फार वाढू नये म्हणून स्वयंसेवक लांबूनच छोट्या बाणातून घोड्यांच्या माद्यांना औषध टोचतात. त्यामुळे त्यांना पिल्लं कमी होतात, पण कळपातून कोणाला पकडून न्यावं लागत नाही. मागच्या मार्चमध्ये आमच्या साइटवर पावसाचं पाणी साठवायला खड्डा खणला होता. सकाळी सहाला गेले तर एक तपकिरी घोडी आणि तिचं शिंगरू त्यात पाणी पीत होतं. शिंगराचे पाय चिखलात रुतत होते. आम्ही रोलर सुरू केला नाही. त्यांचं पाणी पिऊन झालं, मग दोघं टेकडी चढून गेली.