आदर्श बाई निवडताना

ताई, महिला मंडळात आदर्श बाईबद्दल पहिल्यांदा बोलायला उभ्या राहणार असाल, तर एकच बाई निवडा. जनाबाई, मुक्ताबाई, रमाई, सावित्रीबाई अशी माळ ओवली की दहा मिनिटांत नुसती नावंच उरतात.

नवीन मैत्रिणींची सगळ्यात मोठी गफलत बहिणाबाईंपाशी होते. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. त्यांनी स्वतःचं चरित्र अभंगांत सांगितलं. ‘अरे संसार संसार’ म्हणणाऱ्या बहिणाबाई चौधरी खानदेशातल्या, १९५१ साली गेल्या. एकीची ओवी दुसरीच्या तोंडी घातली की पुढचं सगळं घसरतं.

संत बहिणाबाई निवडल्या तर चमत्काराने सुरुवात करू नका. नवऱ्याचा विरोध आणि मारहाण सोसूनही त्यांनी भक्ती सोडली नाही, ते त्यांच्याच अभंगांतून वाचून दाखवा. तीन अभंग पुरेत, पण शब्दन्‌शब्द कळलेले हवेत.

आपल्या नागपुरातलं उदाहरण हवं असेल तर जाईबाई चौधरी घ्या. या बाईंनी हमाली केली, शिकल्या आणि अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये इथेच भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हेही सांगा. आपल्याच गावात फार कमी जणींना ठाऊक असतं, याचं मला वाईट वाटतं. या बायांवरची पुस्तकं अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, दीक्षाभूमीच्या स्टॉलवर बघा.

आणि आपली आई किंवा आजी निवडली, तर ‘ती खूप सोशिक होती’ एवढ्यावर थांबू नका. तिने कशाला नकार दिला, ते आधी विचारून घ्या.