तिथीची पाऊणपट

दापोली,
कार्तिक शुद्ध द्वादशी

प्रिय विद्यार्थ्यास,
तुम्हा उभयतांस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. वैशाखात तुमचे लग्न झाले तेव्हा मांडवातल्या गर्दीत दोघांशी धड चार शब्दही बोलता आले नव्हते, त्यामुळे तू एवढे सविस्तर लिहिलेस याचा फार आनंद झाला. तू उद्यानविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात, ती वनशास्त्राच्या पहिल्या वर्षात, राहायला गावाबाहेर भाड्याची एक खोली आणि थोडी पडवी, आणि रविवार उजाडला की पाठीवर पिशवी टाकून कुठेतरी चालत निघण्याची दोघांनाही सारखीच ओढ. यावर दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की आधी पदव्या हातात पडू द्याव्यात, नोकरी लागू द्यावी, आणि मग काय हिंडायचे ते हिंडावे. तुझे सासरे जे बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस. मुलगी रात्री आठ वाजता खाडीच्या काठावर असेल आणि फोन लागत नसेल, तर कोणत्याही बापाच्या तोंडून तेवढे येणारच. पण तू माझे मत विचारले आहेस, म्हणून स्पष्ट लिहितो: हिंडणे थांबवू नका. ते कसे करायचे हे मात्र नीट शिकून घ्या.

लग्नानंतर आम्हीही असेच एका खोलीत राहत होतो. माझा प्रबंध चालू होता आणि तुझ्या काकू पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. दोघेही शिकत असलेल्या घरात एक गोष्ट हळूहळू घडते आणि ती लवकर लक्षात येत नाही. बोलणे आटत जाते. रॉकेल संपले, मार्गदर्शकांनी प्रकरण परत पाठवले, घरभाडे द्यायचे आहे, एवढ्याच विषयांवर दिवस सरतो, आणि रात्री दोन माणसे एकमेकांकडे पाठ करून दोन दिव्यांच्या उजेडात वाचत बसतात. त्या खोलीत आमचे जे बोलणे कधीच झाले नाही, ते आसूदला झाले. केशवराजाच्या देवळाकडे जाताना पोफळीच्या आगरांतून उतरून ओढा ओलांडावा लागतो आणि मग चढण लागते. तिथे दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही. एकाला पुढे आणि एकाला मागे राहावे लागते. चेहरा दिसत नसला की माणूस मनातले सहज बोलून जातो. मूल कधी व्हावे, माझ्या आईकडे महिन्याला किती पैसे पाठवावेत, काकूंनी पुढे शिकावे की नाही, हे सगळे त्या चढणीवर ठरले.

पैशांची चिंता तू लिहिली आहेस. दापोलीत राहणाऱ्याला ती फारशी असू नये, कारण मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ले, आसूद ही सगळी ठिकाणे एसटीने एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. सत्र संपल्यावर लांब जायचे असेल, तर महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा ४ किंवा ७ दिवसांचा पास काढा आणि मालवणपर्यंत किनाऱ्याने जा. डबा घरून न्या, आणि तो दोघांनी मिळून भरा. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पहाटे पाच वाजता उठून भाकऱ्या तिने थापायच्या आणि तू बुटांच्या नाड्या बांधून दारात उभा राहायचे, असे होत असेल, तर तो रविवार तिचा राहत नाही. तांदळाची भाकरी थापता येत नसेल तर शिकून घे. उकड नीट मळली की ती जमते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही दोघेही घाटावरचे, त्यामुळे समुद्राचे वेळापत्रक तुम्हाला कोणी शिकवलेले नसणार. आपल्या किनाऱ्यावर त्याचे एक जुने गणित आहे, जे हर्णैच्या बंदरावरचे पोरही तोंडी करते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. दररोज ही वेळ पाऊण तासाने, खरे तर त्याहून किंचित अधिक, पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी वरपर्यंत चढते आणि ओहोटीला तितकेच लांब जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो. घरात एक पंचांग किंवा कालनिर्णय टांगा आणि शनिवारी रात्री पिशवी भरण्याआधी तिथी पाहा. मोबाइलवर मिनिटापर्यंतच्या वेळा मिळतात, त्याही जरूर बघा, पण मनातल्या मनात गणित करायची सवय लावून घ्या, कारण खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या, आड गेल्यावर मोबाइलला रेंज नसते.

हे गणित मला येत होते आणि तरीही मी एकदा चुकलो, ते आता सांगतो. मार्गशीर्षातली शुद्ध दशमी होती. दापोलीच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर दोन पुळणींच्या, म्हणजे वाळूच्या पट्ट्यांच्या, मध्ये एक खडप आले आहे, आणि ओहोटीला त्यावरून पलीकडच्या गावात चालत जाता येते. दुपारचे प्रात्यक्षिक लांबल्यामुळे आम्ही चारला निघालो. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे पाणी चढायला लागून दोन-अडीच तास होऊन गेले होते. साडेचारच्या सुमारास काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "परत फिरू या." मी विचारले, "का?" त्यांना कारण सांगता येईना. आपल्याला बरे वाटत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. मी समोरचा कोपरा दाखवून म्हणालो, "एवढे वळण घेतले की पुळण लागेल." त्या काही न बोलता माझ्यामागे चालू लागल्या.

वळणापलीकडे पुळण नव्हती, दुसरे खडप होते, आणि मधल्या घळीत कमरेएवढे पाणी शिरले होते. मागे वळून पाहिले तर आलेली वाटही बुडाली होती. मग आम्ही एका उंच कातळावर चढून बसलो आणि रात्री दहाच्या पुढेपर्यंत तिथेच होतो. त्यांच्या टाचेला खडकावरच्या कालवांच्या कडेने चांगली दोन बोटे लांब चीर पडली होती. त्यांनी पदराची किनार फाडून ती बांधली, आणि रक्त थांबले की नाही हे कळावे म्हणून दर थोड्या वेळाने त्या अंधारात बोट लावून ते चांदण्यात धरून पाहत होत्या. खालच्या कपारीत लाट शिरली की आधी हवा बाहेर पडल्याचा एक जाड आवाज यायचा आणि मग अंगावर तुषार यायचे. त्या सहा तासांत त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पाणी उतरल्यावर, परत येताना, पुळणीवर पाय टेकल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की मी परत फिरू या म्हणाले ते पुरेसे का नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हते. भरती कधी आहे हे मला पाठ होते; आपली बायको विनाकारण घाबरते आहे असे गृहीत धरण्यात माझी चूक झाली होती.

त्या रात्रीनंतर आमच्यात एक नियम ठरला आणि आजवर तो मोडलेला नाही. वाटेवर दोघांपैकी जो कोणी आधी 'परत फिरू' म्हणेल, त्याला कारण विचारायचे नाही. तिथल्या तिथे वळायचे आणि कारणाची चर्चा घरी जेवण झाल्यावर करायची. पुष्कळदा कारण किरकोळ निघते. कधी पायाला चप्पल चावत असते, कधी दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेची धास्ती असते. तरीही नियम नियमच ठेवावा, कारण किरकोळ कारणासाठी वळलेला माणूसच मोठ्या कारणासाठीही वळतो. नव्या लग्नात नवरा आपल्याला भित्री समजेल या भीतीने मुली बोलत नाहीत, आणि बायको आपल्याला कच्चा समजेल म्हणून मुलगे तर अजिबातच बोलत नाहीत. तुम्ही दोघांनी हे तोंडाने ठरवून घ्या. ते आपोआप समजते असे मानू नका.

हाच नियम अभ्यासालाही लावा. सोमवारी तिचा सेमिनार असेल आणि शनिवारी ती म्हणाली 'उद्या नको', तर 'दोनच तासांत येऊ' असे म्हणून तिला ओढू नकोस. प्रबंधाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तुझेही तसेच होईल, आणि तेव्हा तिने एकटीने मैत्रिणींबरोबर जायला तुझी हरकत असता कामा नये.

बाकीच्या धोक्यांविषयी थोडक्यात लिहितो. पोहायचे असेल तर गावातल्या माणसाला जागा विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा गुळगुळीत आणि शांत दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. पण किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत ओढले जात असते. त्यात सापडलेच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दगड उलटू नका आणि अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय चालू नका, कारण तिथे फुरसे हे विषारी जनावर असते. लहान, मातीच्या रंगाचे, पायाखाली येईपर्यंत न दिसणारे. चावलेच तर करकचून बांधू नये, कापू नये. तो अवयव न हलवता थेट दवाखाना गाठावा. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तुम्हीही समुद्राकडे पाठ फिरवून डोंगराकडे तोंड करावे. जे पाणी दर्यावर्दी माणसे टाळतात तिथे विद्यार्थ्यांनी धाडस करू नये.

तुझ्या पत्नीला वनशास्त्राची गोडी आहे, म्हणून तिच्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. फाल्गुनाच्या सुमारास मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. गावकरी आणि कार्यकर्ते ती घरटी जपतात आणि पिल्ले सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे सोडतात. रात्री पुळणीवर बॅटरी मारू नका, प्रकाशाने कासवे बिथरतात. दुसरे म्हणजे, पुढच्या वर्षी भाद्रपदात रत्नागिरी-राजापूरकडचे सडे पाहा. उन्हाळ्यात ज्या कातळावर पाय भाजतो, त्याच कातळावर बोटभर मातीत तेव्हा फुलांचे गालिचे पसरलेले असतात, आणि उक्षी, कशेळी, बारसू इथे त्याच कातळात कोरलेली चित्रेही पाहायला मिळतात. तिने वही न्यावी आणि तू तिच्या वेळेने चालावेस. एका फुलापाशी ती अर्धा तास बसली तर तूही बस.

अभ्यास आणि पायपीट यांचे वैर आहे असे तुझ्या घरचे म्हणतात, तेव्हा त्यांना मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची आठवण करून दे. परीक्षेला बसण्यासाठी तो सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल चालत गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. मला त्या हकीकतीत सगळ्यात जवळची वाटते ती त्याची परतीची वाट. तेवढेच अंतर, आणि हातात काही नाही. पण सासऱ्यांना नुसती गोष्ट सांगून भागणार नाही. निघण्यापूर्वी कुठे जातो आणि किती वाजेपर्यंत परत येतो हे त्यांना कळवत जा, आणि परतल्यावर पहिला फोन त्यांना कर. महिनाभर हे नेमाने झाले की त्यांचा विरोध निम्मा होईल, असे मला वाटते.

एक कामाची गोष्ट राहिली. लग्नानंतर तिचे नाव बदलण्याची घाई करू नका. दहावीपासूनच्या गुणपत्रिका ज्या नावाच्या आहेत त्याच नावाने पदवी पूर्ण होऊ द्या. मध्येच बदलले की राजपत्रापासून प्रतिज्ञापत्रापर्यंत खेटे घालावे लागतात, आणि ते दिवस अभ्यासाचे असतात.

पुढच्या रविवारी वद्य पंचमी आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आठला कर्द्याला उतरलात तर ओल्या, घट्ट पुळणीवरून निवांत चालत मुरूडला याल, दुर्गादेवीच्या देवळात थोडे टेकाल, आणि बाराच्या गाडीने दापोलीत परत याल. जेवायला आमच्याकडेच या. काकूंनी कुळथाची पिठी आणि भात करायचे ठरवले आहे, आणि तुझ्या पत्नीला त्यांच्या टाचेवरचा तो वण त्यांना स्वतः दाखवायचा आहे.

तुझा,
सर