शेवटचे दोन दिवस आणि तुमचा एक तास

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले. जानेवारीत अंदमानला निघालोय. मी, मिस्टर, दोन मुलं (११ आणि ८ वर्षांची) आणि सासूबाई. बुधवार ते शुक्रवार हॅवलॉक बेटावर मुक्काम, शनिवारी सकाळी अकराला पोर्ट ब्लेअरहून विमान, रविवारी दुपारी घरी. मिस्टर म्हणतात, एवढे पैसे भरलेत तर शुक्रवारी दिवसभर स्कूबा करू आणि शनिवारी सकाळच्या पहिल्या बोटीनं विमानतळ गाठू. सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचंच आहे. मुलांना शंख-प्रवाळ गोळा करायचेत. गेल्या वर्षी तारकर्लीला शेवटच्या दिवशी असंच सगळं कोंबलं आणि येताना फोंडाघाटापासून राधानगरीपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. मला फक्त एकदा निवांत समुद्राकाठी बसायचंय. हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. काय करू?

उत्तर : ताई, लाज कसली? पत्रात प्रत्येकाच्या हट्टाला वार आणि वेळ आहे, तुमच्या बसण्याला मात्र नाही. तारकर्लीलाही तेच झालं असणार. शेवटच्या दिवशी सगळे दमलेले असतात, उरलेलं सगळं त्याच दिवशी उरकायचं असतं, आणि पिशव्या भरणारी बाई एकच असते. म्हणून आधी तुमचा तास ठरवू, मग बाकीचं.

गुरुवारी दुपारी चार ते साडेपाच, राधानगर बीच. आपल्या राधानगरीचंच नाव वाटावं असा हा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्त थेट समोर दिसतो. पण अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला आणि घड्याळ मात्र तेच. रंकाळ्यावर जानेवारीत सव्वासहाच्या आसपास मावळतं, तिथं त्याच्या तासभर आधीच. 'सहाला जाऊ' म्हणून निघालात तर अंधारच बघाल. त्या दीड तासात मुलांचे टॉवेल, पाण्याची बाटली, चपला, मोबाइल, सगळं मिस्टरांच्या पिशवीत आणि मुलंही त्यांच्याच ताब्यात. सासूबाई शेजारी येऊन बसल्या तर बसू देत, पण 'जरा हे धर' म्हणून कुणी काही हातात दिलं तर घ्यायचं नाही. मुलं पाण्यात उतरतील ती जीवरक्षकांनी खुणा केलेल्या भागातच. खाडीच्या तोंडाकडे नको. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि तिथले इशाऱ्याचे फलक उगाच लावलेले नाहीत.

आता स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून खोल पाण्यात मारायची डुबकी (डाइव्ह). मिस्टरांचा बेत दोन ठिकाणी फसतो. पहिलं कारण शरीराचं. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीइतका कमी असतो. नायट्रोजन अंगात शिल्लक असताना विमानात बसलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मग सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, कधी त्याहून वाईट. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या तर किमान १८ तास विमान टाळायचं असतं. तुम्ही सरळ २४ धरा. शुक्रवारी 'संध्याकाळी अजून एक मारू' झालं की हा हिशेब कोलमडतो. दुसरं कारण बोटीचं. वारा सुटला, समुद्र खवळला की हॅवलॉकच्या फेऱ्या उशिरा निघतात किंवा रद्द होतात. खासगी बोटीला चांगल्या हवेत दीड ते अडीच तास लागतात. अकराच्या विमानासाठी त्याच सकाळच्या बोटीवर विसंबणं म्हणजे पाच जणांची तिकिटं पणाला लावणं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे, आणि हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप. तिकिटावर दुसरं नाव दिसलं तर घाबरू नका.)

तेव्हा डाइव्ह गुरुवारी सकाळी, फक्त मिस्टर आणि थोरल्या मुलानं. स्कूबाला साधारणपणे १० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे धाकट्याला घेणार नाहीत. हे त्याला कोल्हापुरातच सांगून ठेवा, नाहीतर रडारड ऐन जेट्टीवर होईल. त्याच्यासाठी स्नॉर्कलिंग आहे, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघायचं. त्याला विमानाची आडकाठी नाही. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक चोंदलं की कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडद्याला इजा होते. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा. पाण्यात जाताना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला आणि गुडघ्यांच्या मागच्या बाजूला सनस्क्रीन विसरू नका. पालथं पोहताना तीच जागा भाजते आणि मग विमानात बसवत नाही.

शुक्रवारी सकाळची बोट. सासूबाईंची उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून न्या, कारण ती त्यांच्या नेहमीच्या औषधांबरोबर चालायला हवी. ती बोट सुटल्यावर नाही, अर्धा-एक तास आधी घ्यायची. जागा खालच्या डेकवर, मधोमध. दुपारी जेल. मूळ सातपैकी तीनच इमारती उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, तेव्हा सासूबाईंचे गुडघे बघून, थांबत थांबत चढवा. घाई करायचं कारण नाही. १९११ साली सावरकर तिथं आले तेव्हापासूनच्या गोष्टी सासूबाईंनाच मुलांना सांगू द्या. ध्वनि-प्रकाश कार्यक्रम संध्याकाळी त्याच आवारात असतो, त्याचं तिकीट दुपारीच काढा.

मुलांचे शंख : प्रवाळ तर मेलेलंही आणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ आणि कित्येक शंख संरक्षित आहेत आणि विमानतळावर बॅगा तपासतात. पण मुलांना पोलिसाचा धाक घालू नका. त्यांना वाळूवर पालथं पडून रिकामा वाटणारा एक शंख बघत बसायला सांगा. दोन मिनिटांत त्यातून पाय बाहेर येतात आणि शंख चालायला लागतो. शंखी खेकड्याचं ते घर असतं. ज्यानं हे पाहिलं, तो शंख खिशात घालत नाही. आठवण हवीच असेल तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून पावतीसह घ्या.

गुरुवारी रात्रीच सगळे पोहण्याचे कपडे गोड्या पाण्यातून दोनदा काढा. खारे कपडे कितीही वाळवले तरी ओलसरच राहतात, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि रविवारी बॅग उघडली की घरभर कुबट वास. रविवारी चूल पेटवायची नाही. तांबडा-पांढरा खानावळीतून येऊ दे, दूध शेजारी घेऊन ठेवतील.

मिस्टरांशी भांडू नका, तारखा पुढं ठेवा : 'अहो, डाइव्ह गुरुवारी सकाळी, शुक्रवारी आईंना जेल दाखवू, आणि गुरुवारी चारनंतर पोरं तुमच्याकडं. मी बसणार आहे.' शेवटचं वाक्य कारण न देता म्हणा. आणि हे आजच बोला, कारण जानेवारीत बोटी लवकर भरतात आणि शुक्रवार सकाळची पाच तिकिटं नंतर एकत्र मिळतीलच असं नाही.