‘सँक्शन’ : मंजुरी की निर्बंध?

कर्ज ‘सँक्शन’ झाले म्हणजे मंजूर झाले, मग बातमीतले ‘सँक्शन्ड’ तेलवाहू जहाज परवानगी मिळालेले की बंदी घातलेले, असे आपण विचारले आहे. ते बंदी घातलेले जहाज आहे, आणि तरीही बँकेचा अर्थ चुकीचा ठरत नाही.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र ठरवणे, कायद्याने अनुल्लंघनीय करणे असा आहे. ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. इंग्रजीत ‘सँक्शन’ म्हणजे आधी फर्मान किंवा कायदा. पुढे तो पाळला जावा म्हणून त्यात घातलेल्या शिक्षेच्या तरतुदीलाही तेच नाव मिळाले, आणि अधिकृत संमती हा अर्थही त्याच खोडाला फुटला. देशांवरील आर्थिक निर्बंध हा अर्थ मात्र अलीकडचा, पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या (‘लीग ऑफ नेशन्स’च्या) काळात रुळलेला. १९३५ साली इटलीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, आक्रमण केल्यावर लादले गेले ते ‘सँक्शन्स’च.

आपल्याकडे संमतीचा अर्थ मुरला, कारण तो कचेरीच्या वाटेने आला. बँकेचे ‘सँक्शन लेटर’ घ्या, किंवा १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लोकसेवकावरील खटल्यासाठी लागणारी पूर्वमंजुरी घ्या, शब्द हाच. ‘सँक्शन्ड स्ट्रेंथ’चे ‘निर्बंधित संख्याबळ’ असे भाषांतर माझ्याकडे एकदा तपासायला आले होते. तिथे साधे ‘मंजूर पदे’ हवे होते. दुसऱ्या अर्थाची ओळख अनेकांना मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध घातले तेव्हा झाली.

क्रियापद असेल तर कर्म पाहावे. कृती, खर्च, योजना किंवा विक्री ‘सँक्शन’ केली असेल तर ती मंजुरी. व्यक्ती, देश, कंपनी किंवा जहाज असेल तर बहुधा दंड अथवा निर्बंध. त्यामुळे न्यायालयाने मालमत्तेची विक्री ‘सँक्शन’ केली म्हणजे तिला संमती दिली, आणि अमेरिकेतील न्यायालयाने एखाद्या वकिलाला ‘सँक्शन’ केले म्हणजे त्याच्यावर दंडात्मक कारवाई केली. नामाच्या बाबतीत अनेकवचन झाले की निर्बंध समजावे, असे शिकवले जाते; पण बँकांच्या अहवालांतील ‘लोन सँक्शन्स’ ही मंजूर कर्जेच असतात, तेव्हा वचनापेक्षा पुढचे शब्दयोगी अव्यय पाहावे. ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आले की निर्बंध, ‘फॉर’ आले की बहुधा मंजुरी. स्वतः इंग्रजीत लिहिताना संमतीसाठी मी सरळ ‘अप्रूव्ह’ वापरतो.